घर एकाचें, सल्ले गांवाचे

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ असें आपल्या वाडवडिलांनीं सांगून ठेविलें आहे. नवें घर बांधतांना आणि घरांतलें कार्य पार पाडतांना मनुष्याची किती दमछाक होते, हें या म्हणींत आलें आहे. परंतु जुनें घर दुरुस्त करण्याचा प्रसंग त्या म्हणकर्त्यावर कधीं आला नसावा. नाहीं तर दोन वाक्यांवर तो थांबता ना. नवें घर बांधावयाचें म्हणजे समोर मोकळी जागा असते, आणि मोकळ्या जागेविषयीं लोकांना फारसें सुचत नाहीं. जुन्या घराची गोष्ट निराळी. तेथें बोट ठेवण्यासारखें प्रत्येकाला कांहीं तरी सांपडतें. कोणाला वांसा वाकलेला दिसतो, कोणाला दाराची दिशा चुकलेली दिसते, आणि कोणाला सगळें घरच चुकलेलें दिसतें. मग सल्ला येतो. तो मागावा लागत नाहीं, त्याचें मोल द्यावें लागत नाहीं, आणि एकदां घरांत शिरला म्हणजे पाहुण्याप्रमाणें चार दिवसांनीं निघूनहि जात नाहीं.

हा अनुभव आमच्या कुटुंबानें पुरतेपणीं घेतला. त्यांत हांसण्यासारखें पुष्कळ होतें. पण घर जाण्याची आणि घरचीं माणसें दुरावण्याची वेळहि त्यांतूनच आली होती. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें घर काशीदला आहे. अलिबागेहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटर गेलें म्हणजे एका अंगास फणसाडच्या रानाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगास पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा, अशा अरुंद पट्ट्यांत हें गांव लागतें. सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याची मंडळी तेथें समुद्र पाहावयास लोटते. रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या वाडींत, माडांच्या सांवलींत, पणजोबांनीं बांधलेलें हें घर उभें आहे. जोतें काळ्या दगडाचें, भिंती मातींत रचलेल्या विटांच्या, वर चुन्याचा गिलावा, सागाचे खांब आणि मंगलोरी कौलें. पुढें ओटी, मग माजघर, एका बाजूस देवघर, मागें स्वयंपाकघर व न्हाणी, आणि भोंवतीं पडवी. घराचे वांटेकरी आम्ही सात चुलत भावंडें. तिघे मुंबईस, दोघे पुण्यास, एक बहीण नाशकास आणि एक भाऊ अमेरिकेंत. प्रत्यक्ष घरांत बारा महिने राहणारें माणूस एकच, आमच्या धाकट्या काकू. त्यांचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें.

३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. रायगड जिल्ह्यांत माड, पोफळी व आंबे उन्मळून पडले, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. काशीदच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनालाहि त्याचा तडाखा बसला. आमच्या घराचीं एका पाख्यावरचीं कौलें पत्त्यांसारखीं उडालीं, एक माड पडवीवर आडवा झाला, आणि माजघराच्या मागल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. काकू त्या वेळीं देवघरांत बसून होत्या म्हणून वांचल्या.

तो टाळेबंदीचा काळ. एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जावयास पोलिसांचा ई-पास लागे. आम्हां कोणालाच लगेच तेथें पोंचतां येईना. पण सल्ल्याला ई-पास लागत नाहीं. शेजारच्या मुलानें मोबाइलवरून घराचीं छायाचित्रें पाठविलीं, आणि संध्याकाळच्या आंत आमचें सगळें गोत वास्तुविशारद बनलें.

थोरले दादा म्हणाले, ‘कौलांची कटकट एकदांची मिटवा. वर स्लॅब टाका, म्हणजे पुन्हा पाहावयास नको.’ हें वरकरणीं पटण्यासारखें आहे. ज्यांच्या घरावर स्लॅब होता त्यांचें छप्पर उडालें नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें होतें. पण हिशेब मांडून पाहावा. मंगलोरी कौलें एका चौरस मीटरास पंधराच्या आसपास लागतात व त्यांचें वजन चाळीस किलोंच्या घरांत जातें. दहा सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबचें वजन तेवढ्याच जागेंत सुमारें २५० किलो भरतें. मातींत रचलेल्या भिंती तो भार सोसावयाच्या नाहींत. म्हणजे आमच्यासारख्या घराला स्लॅब सुचविणें म्हणजे वस्तुतः भिंती पाडावयास सांगणें होय. सुचविणाऱ्याला मात्र त्याची कल्पना नसते. त्यांत पुन्हा खारा वारा. काँक्रीटांतली सळई गंजली म्हणजे फुगते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून समुद्रकांठच्या उघड्या बांधकामांत सळईवर साधारणपणें ४५ मिलिमीटर आवरण असावें, असें ‘भारतीय मानक ४५६’ (सन २०००) सांगतें. घाईच्या कामांत तेवढें आवरण मोजून ठेवणारा गवंडी विरळा.

नाशिकचे मेहुणे काटकसरी. त्यांनीं पत्रे सुचविले. हलके, स्वस्त, चार दिवसांत काम पुरें. परंतु वादळांत हलकेपणा हाच दोष ठरतो. वारा छपरावरून वेगानें गेला म्हणजे तो छपराला नुसता ढकलीत नाहीं, वर ओढतोहि. आणि एखादी खिडकी फुटून आंत शिरला तर खालूनहि उचलतो. पत्रा धरून ठेवणारे आंकडे खाऱ्या हवेनें गंजलेले असले, तर सबंध पत्राच उडून शेजाऱ्याच्या अंगणांत जातो. कौल उडतें तें एकएकटें, आणि दुरुस्तीहि एकएकट्याचीच करावी लागते.

अमेरिकेंतल्या भावानें रात्रींतून एक नकाशाच तयार केला. जुनें घर पाडावें, दुमजली इमारत बांधावी, खालीं आपण राहावें, वर पर्यटकांना खोल्या द्याव्या. नकाशा सुरेख होता. त्यांत समुद्रहि दाखविला होता. फक्त समुद्राचा कायदा दाखविला नव्हता. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ सालीं निघाली आणि २०११ व २०१९ सालीं नव्यानें काढण्यांत आली. दाट वस्तीचीं गांवें सोडलीं, तर ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ धरला जातो. त्या पट्ट्यांतलें अधिकृत जुनें घर दुरुस्त करतां येतें, पण जोत्याचें क्षेत्र आणि बांधकामाचें प्रमाण पूर्वींपेक्षां वाढवितां येत नाहीं. आमची वाडी त्याच पट्ट्यांत पडते. घर एकदां पाडून बसलों असतों, तर त्या नकाशांतली माडी आम्हांला केवळ कागदावरच मिळाली असती.

एका भावाच्या व्याह्यांनीं वास्तुशास्त्र काढलें. विहीर चुकीच्या कोपऱ्यांत, देवघराचें तोंड चुकीचें, म्हणून वादळ आमच्या घरावर आलें. वादळ जिल्ह्याच्या अर्ध्या घरांवर आलें होतें, हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं. व्याह्यांना असें सांगत नसतात. मत्स्यपुराणांत वास्तुशास्त्राचा उपदेश करणारे आचार्य मोजले आहेत ते अठरा. भृगु, अत्रि, वसिष्ठ, विश्वकर्मा, मय, नारद अशी ती नामावळी आहे. ती वाचतांना माझ्या मनांत आलें, कीं घर बांधणाऱ्याला सल्लागार थोडे पडले असें आपल्या देशांत कधींच झालेलें नसावें. आणि जुन्या कोंकणी घराला त्याचें स्वतःचें वास्तुशास्त्र असतेंच. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस भिंतीवर बसूं नये म्हणून पडवी, पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्या म्हणून बाहेर काढलेलें छप्पर, आणि पाणी चढूं नये म्हणून उंच जोतें. तें शास्त्र पोथींत नसेल. चार महिन्यांच्या पावसानें तें शिकविलेलें आहे.

सल्ले नुसते ऐकून सोडून देतां आले असते, तर ही सगळी करमणूकच झाली असती. परंतु सल्ल्याच्या मागोमाग मानापमान येतो. ज्याचा सल्ला घेतला नाहीं तो म्हणतो, ‘मग मला वर्गणी कशाला मागतां?’ स्लॅबवाले आणि पाडून बांधणारे असे आम्हां भावंडांत दोन तट पडले. दोघां भावांनीं एकमेकांशीं बोलणें टाकलें. तिसऱ्यानें, हा तंटा नको म्हणून, वाडी विकून टाकावी असा विचार बोलून दाखविला. गिऱ्हाइकाचा निरोपहि येऊन गेला. २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. आमच्या पिढ्यान् पिढ्यांचा गणपति त्या वर्षीं ताडपत्रीखालीं बसला, आणि आरतीला काकू व शेजारचा मुलगा, एवढींच दोन माणसें होतीं. टाळेबंदी हें त्याचें कारण खरें. पण ती नसती तरी सगळीं आलीं असतीं, असें मीं छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं.

सप्टेंबरांत ई-पासची अट उठली तेव्हां मी काशीदला गेलों. बरोबर मोजपट्टी, वही आणि सर्वांच्या सल्ल्यांची यादी घेतली होती. ओटीवर बसून ती यादी मीं काकूंना वाचून दाखविली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि विचारलें, ‘सगळं ठीक आहे, पण भिंत का फुटली, तें कुणी पाहिलं का रे?’

मी म्हणालों, ‘वादळानं फुटली, काकू.’

‘वादळानं पडली नाहीं हेंच नवल. पंधरा वर्षं ती भिंत ओली आहे. ये, दाखवतें.’

त्या मला परसांत घेऊन गेल्या. न्हाणीच्या मागें, माजघराच्या भिंतीला अगदीं चिकटून फरशी घातलेली होती. पूर्वीं तेथें अळू होतें. न्हाणीचें पाणी अळवांत जाई, पावसाचें पाणी मातींत मुरे, आणि जमीन जोत्याहून वीतभर खालीं होती. फरशीनें ती जमीन वर उचलली. उतार भिंतीकडे झाला. पाणी भिंतीच्या पायांत शिरूं लागलें, आणि ओल वर चढूं लागली. ओल दिसूं लागली तेव्हां एका ठेकेदारानें, अर्थात् न विचारतांच, भिंतीला सिमेंटचा गिलावा करावयास सांगितलें, आणि आम्हीं तो केला. चुन्याच्या गिलाव्यांतून भिंतींतली ओल बाहेर पडून वाळत असते. सिमेंटचा कठीण थर तिला कोंडून ठेवतो. कोंडलेली ओल विटांची माती भुसभुशीत करते, क्षार फुगवते, आणि बाहेरून भिंत जितकी गुळगुळीत दिसते तितकी ती आंतून पोकळ होत जाते. वादळानें फक्त त्या पोकळपणावर शेवटचा घाव घातला.

आतां, परसांत फरशी घालण्याचा सल्ला कोणाचा, हें मला विचारावें लागलें नाहीं. तो माझाच होता. काकूंना चिखलांतून वावरावें लागूं नये म्हणून एका मे महिन्यांत मीं स्वतः उभें राहून, मोठ्या प्रेमानें, तें काम करून घेतलें होतें. मी खालीं मान घालून म्हणालों, ‘काकू, तेव्हांच का नाहीं बोललांत?’

‘तेव्हां तूं विचारलं नव्हतंस, बाळ, सांगितलं होतंस.’

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, टोमणाहि नव्हता. पण त्या दिवसानंतर माझ्या वहींतली यादी मला वाचवेना. तीन महिने आम्हीं सात जणांनीं, व्याह्यांनीं, मेहुण्यांनीं आणि मित्रांनीं त्या घराविषयीं बोलून जिभा झिजविल्या होत्या. आणि त्या घरांत पन्नासांवर पावसाळे काढलेल्या माणसाला एकानेंहि एक प्रश्न केला नव्हता. कोणतें कौल कोणत्या नक्षत्रांत गळतें, कोणत्या पन्हळींत झावळ्यांचा कचरा तुंबतो, कोणत्या खांबाच्या पायथ्याशीं वाळवी लागते, हें सर्व काकूंना पाठ होतें. आपल्या कुटुंबांत असें वरचेवर होतें. खर्च करणाऱ्याला मत असतें, शिकलेल्याला मत असतें, दूर राहणाऱ्याला तर फारच मत असतें. फक्त त्या घरांत ऊठबस करणाऱ्या बाईला मत असेल, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

पुढचें काम काकूंच्या सांगण्याच्या क्रमानें झालें. पहिल्यानें पाण्याची वाट मोकळी केली. भिंतीलगतची फरशी उखडून जमीन पुन्हा खालीं घेतली, उतार बाहेर काढला आणि अळू लाविलें. सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत भिंत नुसती वाळूं दिली. चिरेच्या दोन्ही बाजूंच्या सैल विटा काढून त्या एकमेकींत अडकतील अशा पुन्हा रचल्या, आणि वर चुन्याचाच गिलावा केला. चुनखडी भट्टींत भाजून झालेला चुना पाण्यांत विरवून वापरला म्हणजे हवेंतला कार्बन डायऑक्साइड वायु घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सल्ला देणाऱ्यांना नेमका तोच नसतो.

गांवचे वृद्ध सुतार आले. त्यांनीं आधीं एकहि शब्द न बोलतां प्रत्येक खांबावर हातोडीच्या दांड्यानें ठोकून आवाज ऐकला, वांशांत सुरीचें टोंक रोवून पाहिलें, आणि जेवढें लांकूड कुजलें होतें तेवढेंच बदलावें असें सांगितलें. वांसे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लांकडाला, आणि तें लांकूड भिंतीला, जस्त चढविलेल्या लोखंडी पट्ट्यांनीं जखडून घेतलें. आढ्याजवळच्या व वळचणीच्या रांगांतलीं कौलें तारेनें बांधलीं, कारण वाऱ्याची ओढ तेथेंच अधिक असते. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास काढला. तेव्हांपासून या किनाऱ्यानें तीं हजारों घरांवर पाहिलीं आहेत. त्यांच्यांत दोष नाहीं. दरवर्षीं मृगापूर्वीं घर शाकारण्याची रीत आम्हीं सोडली होती, हा दोष. विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं लंडनमध्यें जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं संस्था काढली, तेव्हां मोठ्या जीर्णोद्धारापेक्षां नित्याच्या काळजीनें क्षय थोपवावा, हाच आग्रह धरला होता. आमच्या आजीनें मॉरिस यांचें नांव ऐकलें नव्हतें. पण वैशाखांत सुताराला बोलावणें धाडण्यास ती चुकली नाहीं.

भावंडांचा तंटा कसा मिटला, असें कोणी विचारील. तो युक्तिवादानें मिटला नाहीं. मीं सर्वांना फरशीची हकीकत, माझ्या नांवासकट, लिहून कळविली. आपली चूक प्रथम कबूल करणारा एक जण निघाला म्हणजे इतरांनाहि आपला हट्ट सोडतांना कमीपणा वाटत नाहीं. दादांनीं आठ दिवस उत्तर दिलें नाहीं; नवव्या दिवशीं पैसे पाठविले, आणि खालीं एवढेंच लिहिलें, ‘काकू म्हणतील तसें.’

मग न मागितलेला सल्ला सगळाच टाकाऊ कां? तसें मात्र नाहीं. केरळांत स्वस्त आणि सुंदर घरें बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगत, कीं तरुणपणीं मुंबईंत गांधीजींची भेट झाली असतां, खेड्यांतलें आदर्श घर पांच मैलांच्या परिसरांत मिळणाऱ्या साहित्याचें असावें, असें गांधीजी बोलले होते. हा सल्लाहि बेकरांनीं मागितला होता असें नाहीं. पण तो त्यांना जन्मभर पुरला. त्या सल्ल्यांत आपलें घर कसें असावें याचा हुकूम नाहीं. आपल्या भोंवतीं काय आहे तें आधीं पाहा, एवढेंच सांगणें आहे. चांगल्या सल्ल्याची ही खूण मानावयास हरकत नाहीं. जो सल्ला आपल्याला पाहावयास लावतो तो ठेवावा. जो पाहण्याच्या आधींच निकाल देतो तो नमस्कार करून परत करावा.

ज्यांच्यावर आमच्यासारखा प्रसंग येईल त्यांनीं प्रत्येक सल्लागाराला, मनांतल्या मनांत कां होईना, तीन प्रश्न विचारावे. यांनीं हें घर पावसांत पाहिलें आहे काय? सल्ला फसला तर भुर्दंड कोणाला? आणि या घरांत जें माणूस रोज राहतें, त्याला यांनीं कांहीं विचारलें आहे काय? तिन्ही उत्तरें समाधानकारक असतील असा सल्लागार मिळाला तर त्याला जेवावयास ठेवून घ्यावें. आणि आपणच कोणाला सल्ला द्यावयास निघालों असूं, तर हेच प्रश्न उंबऱ्यावर उभे राहून स्वतःला विचारावे. मला हे दुसरें काम पहिल्यापेक्षां फार कठीण गेलें.

पुढल्या वर्षींचा गणपति, १० सप्टेंबर २०२१ रोजीं, कौलांखालीं बसला. अमेरिकेंतला भाऊ सोडून सहाहि वांटेकरी आले होते. पानांत परसांतल्या अळवाचें फदफदें होतें. जेवणें आटोपल्यावर एक दूरचे पाहुणे हात धुवावयास मागें गेले आणि परत येऊन मोठ्या आपुलकीनें म्हणाले, ‘तेवढ्या परसांत फरशी घालून टाका हो, फार चिखल होतो.’ क्षणभर कोणीच बोललें नाहीं. काकूंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि पाहुण्यांसाठीं डब्यांत थोडें फदफदें बांधून द्यावयास सुनेला सांगितलें.